बांगड्या वाजल्या की थांबायचं

वडनेर,
९ जानेवारी १९५८

चि. प्रेमदास यास ताईचा आशीर्वाद आणि जयभीम.

आर्वीला तुझा दवाखाना उघडून तीन महिने झाले. आता घरचंच दुखणं घेऊन येते आहे, तर कौतुक करून घे. सुधाची खालची उजवी दाढ चार दिवसांपासून दुखते आहे. भाकर दुधात कुसकरून दिली तर तेवढी गिळते. वर्गात गालाला हात लावून बसते. माझ्याच वर्गात आहे, तिसरीत, त्यामुळे घरी आई म्हणून पाहायचं आणि शाळेत बाई म्हणून पाहायचं. सुटका कुठेच नाही.

दाढ पाहू म्हटलं तर तोंडच उघडत नाही. दिवाळीच्या सुटीत तू तिचा पुढचा हलता दात काढलास, तेव्हापासून हे सुरू आहे. मागे शाळेत देवीची लस टोचणारा आला, तर हिने सगळ्यांच्या आधी दंड पुढे केला. त्याने जीभ दाखव म्हटलं, तर पळाली. तुझं नाव काढलं की उठून जाते. हीच पोर 'माहे मामाजी दाताचे डाक्टर हायेत' म्हणून गावभर मिरवत होती.

सासूबाई म्हणतात दातात किडा आहे, रिंगणीच्या बियांची धुरी द्या. मी नाही म्हटलं, म्हणून त्यांनी अबोला धरला आहे. आमच्या घरात सध्या बोलणारी मी एकटीच.

काय करायचं ते लगेच लिही. माझ्या दाढेचं विचारू नकोस, ती ठीक आहे.

तुझी,
सुलोचना


आर्वी,
१२ जानेवारी १९५८

ति. ताईस सादर जयभीम.

पत्र मिळालं. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत ठेवायचा, कोमट मीठपाण्याने दिवसातून चारदा चूळ भरायची. पण हे सगळं वेळ काढणं झालं. दाढ दुधाची असली तरी दुखणं मुळाशी गेलेलं दिसतं. गाल सुजला, ताप आला, गिळायला त्रास झाला, तर एक दिवसही थांबू नकोस. सूज गळ्याकडे उतरली तर श्वास कोंडतो. मुंबईला शिकत असताना असं एक लेकरू माझ्या डोळ्यांदेखत गेलं आहे. उगाच भीती घालत नाही.

दिवाळीचं मला सारखं काय ऐकवतेस? दात हलत होता, क्षणात निघाला. तुम्ही तिघांनी धरलं नसतं तर तेही झालं नसतं. राग मानू नकोस, पण पोर हट्टी झाली आहे.

माझं ऐक. तिला काहीच सांगू नकोस. आर्वीच्या बाजारात बांगड्या भरायला चाललो म्हण. माझ्या दवाखान्यासमोरच अनुसयाबाई कासारणीचं दुकान आहे, अगदीच खोटंही नाही. एकदा खुर्चीत बसली की पुढचं मी पाहतो.

आणि तुझी दाढ ठीक आहे हे तू दोन वर्षं लिहिते आहेस. ठीक असलेल्या दाढेबद्दल कोणी पत्रात लिहीत नाही.

तुझा,
प्रेमदास


वडनेर,
२१ जानेवारी १९५८

चि. प्रेमदास यास आशीर्वाद.

परवा आम्ही निघालो तेव्हा तू बोटाला पट्टी बांधून दारात उभा होतास. बोट कसं आहे? पोरीचे बाकीचे दात मजबूत आहेत हे तुला त्यातून कळलंच असेल.

हसू येत नाही रे, पण काय करू. मी शिक्षिका, तू डॉक्टर, आणि सुधाला वाचता येतं हे दोघंही विसरलो. रस्ताभर ती बांगड्यांबद्दल बोलत होती. हिरव्या घेऊ की लाल, डझन घेऊ की अर्धा. दुखणारा गाल धरून बोलत होती. तुझ्या दारावरची पाटी तिने सावकाश वाचली आणि मला विचारलं, "आई, बांगड्या कुठी हायेत?" मी म्हटलं, आधी मामाजीला भेटू. तू तिला उचलून खुर्चीत बसवलंस आणि म्हणालास, "फक्त पाहतो." नेमका दिवाळीतलाच शब्द. तो ऐकल्याबरोबर ती चावली. मग तू, मी आणि सुधाचे बाबा अर्धा तास भर बाजारात तिला शोधत फिरलो, आणि ती समोर कासारणीच्या फळीखाली सापडली.

परतीच्या गाडीत तिने माझ्याकडे पाठ केली ती केलीच. पुलगाव आलं, वर्धा आलं, हिंगणघाट आलं, एक शब्द नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, आणि आपण तिला पुन्हा दूधच पाजलं.

गाल जरा सुजला आहे. थोडी कणकण आहे. काळजी करण्यासारखं नाही.

तुझी,
सुलोचना


आर्वी,
२४ जानेवारी १९५८

ति. ताईस सादर जयभीम.

कणकण म्हणजे किती? थर्मामीटरचा आकडा लिही. सूज गालावर आहे की जबड्याच्या खाली? तुझं पत्र आल्यापासून मी दुसरं काही करू शकलेलो नाही.

बोट बरं आहे. त्याहून जास्त लागलं ते त्याच संध्याकाळी. तुम्ही गेल्यावर अनुसयाबाई दुकान बंद करून माझ्याकडे आल्या. पन्नाशीच्या आहेत, आवाज बाजारातला. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "डाक्टर, तुमी माह्या बांगड्यायच्या नावानं पोरीसंगं खोटं बोलले. उद्या पोरी माह्यापुढं हात करतीन का?"

मी म्हटलं, बाई, तिच्या भल्यासाठीच.

"मी काय वैरी हाओ पोरींची? बांगडी भरतानी हाड दुखतेच. पण मी कधी दुखत नाई म्हणून सांगतलं नाई. जिले एकदा खोटं सांगतलं, तिचा हात दुसऱ्यांदा लाकडावानी होते. मंग बांगडी फुटते, अन् रगत निघते."

ताई, मी कॉलेजात चार वर्षं शिकलो. तोंडातली एक एक नस पाठ केली. भ्यालेल्या लेकराशी काय बोलायचं हे कोणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन दुपारी मी त्यांच्या फळीवर जाऊन बसलो. पोर आली की त्या आधी बांगडी तिच्या हातात देतात, पाहू देतात. मग तिचा पंजा तेल लावून चोळतात आणि नेमकं हाड दाखवून सांगतात, "इथी दुखन. हं म्हटलं का मी थांबीन." पोर हं म्हणते, त्या थांबतात. पोर पुन्हा हं म्हणते, पुन्हा थांबतात. तिसऱ्यांदा पोर म्हणतच नाही. श्वास सोडते, आणि त्याच वेळी बांगडी आत जाते. ताई, त्या दिवशी फळीखाली लपलेल्या सुधालाही त्यांनी कोणाची, कुठल्या जातीची असं काही विचारलं नव्हतं. सरळ हात धरला होता.

एक गोष्ट मनातून जात नाही. दिवाळीत मी सुधाला 'फक्त पाहतो' म्हणालो होतो का? मला आठवतं ते एवढंच, की तू आतून आलीस आणि म्हणालीस, ती तयार आहे. मी चिमटा घेऊन गेलो. पण ती मलाच दोष देते, तर मीच बोललो असेन.

तुझी दाढ?

तुझा,
प्रेमदास


वडनेर,
२६ जानेवारी १९५८

चि. प्रेमदास,

आकडा मागितलास, घे. मी 'कणकण' लिहिलं त्या दिवशी ताप एकशे तीन होता. सूज जबड्याच्या खाली उतरली होती. तुला लिहिलं असतं तर तू धावत आला असतास, आणि तुला पाहून ती अजून आवळली असती, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे लिहायचाच धीर झाला नाही. हिंगणघाटच्या डॉक्टरांनी चार दिवस पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली. कालपासून ताप नाही, सूज अर्ध्यावर आली. पण ते स्पष्ट म्हणाले, "आठ दिवसांत दाढ काढा. पुन्हा सूज आली आणि गळ्यात उतरली, तर मी काही सांगू शकत नाही." दाढ काढायची कोणी, तर जिल्ह्यात मला तू एकटा माहीत. आणि तोंड उघडायचं कोणी, तर तिने.

आता दुसरं. तू बोलला नाहीस. दिवाळीत 'मामा फक्त पाहणार आहे' हे मी बोलले. तू ओसरीवर हात धूत होतास. मी आत जाऊन तिला म्हटलं आणि बाहेर येऊन तुला सांगितलं, ती तयार आहे. पाय तिच्या बाबांनी धरले, डोकं सासूबाईंनी, आणि हात मी. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी दुसरीकडे पाहत होते. नंतर तिने सगळा दोष तुझ्यावर टाकला आणि मी टाकू दिला. तू दूर राहतोस. मला रोज तिला जेवू घालायचं असतं, तिची वेणी घालायची असते.

आठवतं का, आपल्या लहानपणी गावात कासार यायचा, पण आपल्या मुलींच्या हाताला हात लावायचा नाही. बांगड्या वरून टाकायचा. मग आई स्वतः भरायची. घाईत, जोर लावून. मी रडले की म्हणायची, हूं की चूं करायचं नाही, आपल्याला कोण विचारतं. मला त्या शहाणपणाची इतकी सवय झाली की मी तेच पोरीच्या तोंडावर बांधलं.

आज झेंडावंदन झाल्यावर मी सुधाला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ बुटाने माती उकरत राहिली. मग कागद मागितला. सोबतचं पत्र तिचं आहे. भाताचं शीत लावून चिकटवलं आहे. मी वाचलेलं नाही.

सुलोचना


(सोबतचं पत्र)

मामाजीले सुधाचा जयभीम.

आईनं सांगतलं का दिवाळीत ती खोटं बोलली. तुमी नाई. पण आर्वीले तुमी बोलले. म्हणून तुमी दोघंबी सारखेच.

माही दाढ लय दुखते. डाक्टर म्हणते का काढाच लागते. मी येईन. पण कोणीच धरायचं नाई. काय काय करता ते पयले सांगायचं. दुखते तर दुखते म्हणायचं. बांगड्यावाल्या बाईले बोलवायचं. मी फळीखाली लपली होती तं तिनं कोणाले सांगतलं नाई, तुमी इचारलं तरी.

बाबा संगं येतीन. आईनं नाई यायचं. आईच्या हाताचा मले भरोसा नाई.

बोट दुखते का?

सुधा लहानू, इयत्ता तिसरी


आर्वी,
२९ जानेवारी १९५८

चि. सुधास मामाचा जयभीम.

बोट दोन दिवस दुखलं, आता नाही. चूक माझी होती, तुझी नाही.

तुझ्या सगळ्या अटी मला मान्य आहेत. आता खरं सांगतो. आधी मी हिरडीला औषध लावीन, ते कडू आहे. मग एक सुई टोचीन. ती दुखते. दहा मोजेपर्यंत दुखेल. मग अर्धा ओठ जाड झाल्यासारखा लागेल. तुझ्या दाढेखाली पू झालेला आहे, म्हणून एका सुईने भागेल असं नाही, कदाचित दुसरी लागेल. मग दाढ काढताना दाब लागेल, करकर आवाज येईल. थोडं दुखेलही. किती, ते मला आज सांगता येत नाही. सांगितलं तर ते पुन्हा खोटं होईल.

अनुसयाबाई येणार आहेत. त्या तुझ्या डाव्या हातात सहा बांगड्या भरतील. तोंड उघडं असताना बोलता येत नाही, म्हणून तू बांगड्या वाजव. वाजल्या की मी थांबीन. कितीही वेळा. दाढ अर्धी निघाली असली तरी थांबीन.

रविवारी वाट पाहतो.

तुझा मामा

ताई, खालचं तुझ्यासाठी. तू येऊ नकोस, ही तिची अट आहे. कारण लपवणार होतो, पण आता लपवणं पुरे झालं. तिने लिहिलं आहे, आईच्या हाताचा मला भरोसा नाही.


आर्वी,
रविवार, २ फेब्रुवारी १९५८

ति. ताई,

हे पत्र भाऊजींच्याच हाती देतो आहे. ते घरी पोचले की तुला समोर दिसेलच, तरी आत काय झालं ते तुला सांगायला हवं, कारण ते अर्ध्यातच बाहेर गेले होते.

सुधा सकाळी आली. सूज थोडी होती, आणि भाऊजी म्हणाले, कालच्यापेक्षा जास्त आहे. आज निघाली नाही तर पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा वाट पाहणं, आणि तेवढा अवधी मिळेलच असं नाही, हे मला दिसत होतं. अनुसयाबाईंनी तिच्या पंजाला तेल चोळलं, सहा हिरव्या बांगड्या भरल्या. ती दोनदा हं म्हणाली, त्या दोनदा थांबल्या. मग ती आपण होऊन खुर्चीत चढली.

मी सगळी हत्यारं तिला दाखवली. तिने चिमटा हातात घेतला, उघडून-मिटून पाहिला, परत दिला. तोंड उघडलं. औषध लावलं. सुई जवळ नेली, बांगड्या वाजल्या. मी थांबलो. पुन्हा नेली, पुन्हा वाजल्या. पाच वेळा, ताई. भाऊजी ओरडले, "अरे, किती वेळ लावतं? काढून टाक ना एका झटक्यानं!" अनुसयाबाई म्हणाल्या, "तुमी बाहेर बसा जी. तुमच्या भेवानं पोर भेऊन राह्यली." ते गेले. सहाव्यांदा सुई टोचली. मी मोठ्याने दहा मोजले आणि दहाव्या आकड्याला सुई बाहेर काढली, अकरा होऊ दिले नाहीत. नंतर दुसरी सुई दिली.

मग दाढ धरली. हलली, सुटली, फिरायला लागली. अजून मनगटाचा एक फेरा, की बाहेर. आणि बांगड्या वाजल्या.

ताई, त्या क्षणी माझं सगळं शिक्षण ओरडून सांगत होतं, फिरव. फिरवलं असतं तर दोन सेकंदांत सगळं संपलं असतं, आणि कोणीही मला नाव ठेवलं नसतं. तीसुद्धा नंतर विसरली असती, असंही वाटलं. मी चिमटा काढून बाजूच्या ताटलीत ठेवला आणि दोन्ही हात तिला दिसतील असे वर केले.

तिने तोंड मिटलं.

मला वाटलं, संपलं. लटकती दाढ, खाली पू, आणि आता ती तोंड उघडणार नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. अनुसयाबाई तिचा पंजा चोळत होत्या. सुधा माझ्या हातांकडे पाहत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने रक्त थुंकलं आणि जड ओठाने म्हणाली, "खरंच थांबले तुमी."

मी म्हटलं, "हो."

"अजून दुखन?"

"दुखेल. वीस मोजेपर्यंत."

मग तिने काय केलं सांगू? उजव्या हाताने डाव्या हातातल्या बांगड्या गच्च धरल्या. चुकून वाजू नयेत म्हणून. आणि तोंड उघडलं, आजवर कोणी माझ्यापुढे उघडलं नसेल एवढं मोठं.

सतराव्या आकड्याला दाढ निघाली. पू वाहून गेला. धोका टळला, ताई.

ती दाढ कागदात बांधून घेऊन गेली आहे. मी आत जाऊन रडलो. अनुसयाबाईंनी पाहिलं, पण बाजारात सांगणार नाहीत म्हणाल्या.

तुझा,
प्रेमदास


वडनेर,
५ फेब्रुवारी १९५८

चि. प्रेमदास यास आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र मी चुलीसमोर बसून वाचलं. भाकर करपली. रविवारचा अख्खा दिवस मी शाळेच्या पायरीवर बसून काढला होता, कारण घरात बसवत नव्हतं. सुधा आता जेवते आहे. सूज उतरली. सासूबाईंनी दाढ कौलावर टाकायला मागितली, ती देत नाही. दप्तरात ठेवली आहे आणि वर्गातल्या पोरांना एकेकाला दाखवते. विचारणाऱ्याला सांगते, "लय दुखलं." अगदी सहज सांगते. आमच्या घरात असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलत होती. काल संध्याकाळी मी जेवत होते, ती समोर बसून पाहत होती. म्हणाली, "आई, तू एकाच बाजूनं काऊन खाते?"

ठीक आहे, असं तोंडात आलंच होतं. दोन वर्षं तेच म्हणते आहे. तिच्या मांडीवरच्या हातात त्या सहा बांगड्या दिसल्या आणि मी म्हटलं, "दाढ दुखते."

"किती?"

"लय."

"मंग मामाजीकडं काऊन नाई गेली?"

मी सांगितलं, भीती वाटते. प्रेमदास, मी पस्तीस वर्षांची आहे. हे वाक्य मी जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं. ती उठली, माझ्याजवळ आली आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा माझा हात धरला. धरून हलवून पाहिला. माझ्या बांगड्या घट्ट असतात. मीच भरते, जोर लावून, फुटू नयेत म्हणून. त्या वाजल्या नाहीत.

"ह्या चालत नाई," ती म्हणाली. "अनुसयाबाईकडून दुसऱ्या भरा लागतीन."

येत्या रविवारी आम्ही दोघी येतो आहोत. अनुसयाबाईंना सांगून ठेव, जरा ढिल्या असाव्यात. सुधा आत बसणार नाही, माझे हातही धरणार नाही. दारात उभी राहून नुसतं ऐकणार आहे. मला म्हणाली, "तू भेऊ नको. बांगड्या वाजल्या अन् मामाजी थांबले नाई, तं मी हाओ."

तुझी ताई,
सुलोचना